किटलीची गाडी आणि एफी आत्याचा श्वास

दोन हजार तेवीस साली नॉरफोक बेटावर तशा पुष्कळ गोष्टी घडल्या. चर्चचं छप्पर नवं झालं, दोन बहिणींचं जुनं भांडण मिटलं आणि आठवड्याभरात त्यांचंच नवं सुरू झालं, भोपळे तर इतके आले की लोक ते रात्रीतून एकमेकांच्या दारात ठेवून पळायचे. पण आमच्याकडे त्या सालाला तेवीस कोणी म्हणत नाही. ‘किटलीनं गाडी आणली ते वर्ष’ असंच म्हणतात.

किटली म्हणजे बर्ट्रम नॉब्ज, पोस्टातून निवृत्त झालेला. लहानपणी त्याचं बोट चहाच्या किटलीच्या तोटीत अडकलं आणि तो किटलीसकट शाळेत आला. बोट दुपारी सुटलं, नाव सुटलं नाही. टेलिफोनच्या पुस्तकातही तो ‘किटली’ म्हणूनच आहे. नॉब्जमध्ये शोधायला जाल तर सगळंच बेट नॉब्ज. माणूस सरळ, थोडा ताठ. पोस्टात इतकी वर्षं खिडकीच्या आत बसल्यामुळे समोरचा माणूस आपल्यासमोर रांगेत उभा आहे, अशी त्याची कायम समजूत.

निवृत्तीनंतर वर्षभरानं त्यानं जाहीर केलं की आपण विजेवर चालणारी गाडी मागवली आहे. बायकोला, म्हणजे लोर्नाला, हे बेकरीत कळलं. तिनं पाव घेतला, घरी आली आणि दोन दिवस बोलली नाही. बर्ट्रमला वाटलं, तिला विचार पटतोय.

गाडी आली ती जहाजानं. आमच्या बेटाला बंदर नाही. जहाज बाहेर समुद्रात उभं राहतं आणि माल पडावांतून, म्हणजे उघड्या होड्यांतून, धक्क्यावर येतो. मोटार असली की दोन पडाव शेजारी शेजारी बांधतात, वर फळ्या टाकतात आणि त्यावर मोटार ठेवतात. जहाज येणं हाच आमच्याकडे सण असल्यामुळे अख्खं बेट कॅस्केडच्या धक्क्यावर डबे घेऊन बसलं होतं. पांढरी गाडी लाटांवर वर-खाली होत येऊ लागली तसा बर्ट्रमचा जीवही वर-खाली होऊ लागला. त्यात शेजारी गॅरेट उभा.

गॅरेट बफेट हा लोर्नाचा भाऊ. बेट त्याला खिळा म्हणतं, कारण एकदा बसला की निघत नाही. जन्मभर पेट्रोलची इंजिनं उघडली आणि मिटली, आणि स्वतःच्या जुन्या पिकअपवर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास. बायको सोडून गेली, पिकअप राहिली, त्यामुळे त्याला कोणी खोटंही पाडू शकत नव्हतं.

“किटली,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ही पाण्यात पडली तर मासे शिजलेलेच मिळतील ना रे?”

गाडी पडली नाही. मासे कच्चेच राहिले. पण बर्ट्रमच्या मानाला गळती लागली ती त्या दिवसापासून.

नंबर घ्यायला तो गेला तर खिडकीत त्याचीच चुलत बहीण मर्टल. तिच्या कागदात इंजिन किती मोठं हे विचारलेलं. बर्ट्रम म्हणाला, इंजिन नाही. मर्टल म्हणाली, इंजिन नाही तर ती गाडी नाही, आणि गाडी नाही तर नंबर कशाला देऊ, तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला? तीन वेळा हेलपाटे झाले. तिसऱ्या वेळी ती कंटाळून म्हणाली, लिहिते काहीतरी, सही कर. त्यानं सही केली. कागदोपत्री आजही त्या गाडीला गवत कापायच्या यंत्राएवढं इंजिन आहे, कारण मर्टलला त्या क्षणी तेच आठवलं.

खरा घाव पुढेच होता. आमच्याकडे रस्त्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा असतो. ओळख असो नसो. नाही केला तर त्याचा अर्थ भांडण, आणि भांडण कशावरून ते शोधायला मग दोन्हीकडचे नातेवाईक बसतात. बागेत काम करणारा माणूससुद्धा इंजिनाचा आवाज आला की न बघताच हात वर करतो. बर्ट्रम पहिल्यांदा गाडी घेऊन निघाला तेव्हा गाडीला आवाजच नव्हता. लोक बटाटे काढत राहिले, कपडे वाळत घालत राहिले. गावातून घरापर्यंत त्याला एकानंही हात केला नाही. रस्त्यावरच्या गायीदेखील उठल्या नाहीत. आमच्या रस्त्यावर पहिला मान गायींचाच, त्यामुळे त्यानं उतरून त्यांना विनंती केली. पुढच्या आठवड्यात तो खिडकीतून डोकं काढून “मी आहे” असं सांगत जाऊ लागला, तेव्हा लोर्नानं त्या गाडीत बसणं सोडलं.

सल्ले तर इतके आले की पोस्टात कधी तितकी पत्रं आली नसतील. विजा चमकत असताना चालवू नकोस. नातवंडांना जवळ नेऊ नकोस. पलीकडच्या घरातली प्रुडन्स म्हणाली की अशा गाडीत बसल्यानं दुधाचं दही होत नाही, असं तिच्या बहिणीच्या शेजारणीनं अनुभवलंय. आणि गॅरेट क्लबात रोज संध्याकाळी उलटतपासणी घ्यायचा.

“तुझी वीज कुठून येते?”

“वीजघरातून.”

“वीजघर कशावर चालतं?”

“डिझेलवर.”

“डिझेल कुठून येतं?”

“जहाजातून.”

“माझं पेट्रोल?”

“तेही जहाजातूनच.”

“मग तुझ्या गाडीत आणि माझ्या गाडीत फरक काय?”

हे लोर्नानं एकदा ऐकलं आणि म्हणाली, “गॅरेट, तुझी गाडी ओरडते. याची ओरडत नाही, म्हणून हा ओरडतो.” त्यावर दोघंही तिच्यावर नाराज झाले, आणि ती एकच संध्याकाळ त्यांनी एकाच टेबलावर एकमतानं काढली.

जुलैत, म्हणजे आमच्या ऐन थंडीत, समुद्र बिघडला. जहाज आलं, दोन दिवस लांब उभं राहून आमच्याकडे बघत राहिलं आणि निघून गेलं. पेट्रोल संपत आलं. लोक पायी चालू लागले आणि किती वर्षांनी भेटलो म्हणून रस्त्यात गळ्यात पडू लागले. मग वारं सुटलं. एका दुपारी मिडलगेटजवळची पाइनची जुनी झाडं तारांवर आडवी झाली आणि सगळं बेट गप्प झालं. पंपात जे थोडं पेट्रोल होतं तेही वर चढेना, कारण पंपाला वीज लागते. छपरावरच्या सौरपट्ट्याही वीजघर झोपलं की शिस्तीत झोपतात, त्यांची बांधणीच तशी.

मी लहान असताना बेटावर कंदीलच असायचे, आणि अंधाराचं कोणाला काही वाटायचं नाही. पण त्या वेळी एफी आत्याही तरुण होती आणि तिचा श्वास तिच्या स्वतःच्या मालकीचा होता.

एफी आत्या ही बर्ट्रमच्या वडिलांची बहीण. नव्वदी ओलांडलेली, बर्ट्रमच्या शेजारच्या घरात एकटी राहणारी. दोन वर्षांपासून तिला ऑक्सिजनचं मशीन लागायचं, भिंतीतल्या विजेवर चालणारं. ते लागल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. जीभ मात्र मशीनशिवाय चालायची.

वीज गेली त्याच संध्याकाळी सिस्टर डेल आली. ही मुख्य भूमीवरून, ऑस्ट्रेलियातून, आलेली नर्स. कामात चोख, बोलण्यात काटकसर. इस्पितळाला स्वतःचा मोठा जनरेटर होता. ती म्हणाली, आत्या, चला.

“मी येणार नाही,” आत्या म्हणाली. “इस्पितळात गेलेल्याला तुम्ही विमानात घालता. आणि विमानात घातलेला माणूस पेटीतून परत येतो. माझ्या दोन्ही बहिणी तशाच आल्या. ब्रिस्बेनला कोण बसलंय माझं? मला या खोलीत, या खिडकीशी मरायचंय.”

सिस्टरनं बर्ट्रमकडे पाहिलं. आणि बर्ट्रमच्या आयुष्यात प्रथमच असा क्षण आला की त्याच्या गाडीवर कोणी हसत नव्हतं. त्यानं छाती काढून सांगितलं की आपल्या गाडीला मागे घरातल्यासारखा प्लग आहे, आणि आत्याचं मशीन त्यावर आठवडाभर चालेल. आठवडाभर.

“ठीक,” सिस्टर म्हणाली. “पण यांचा ऑक्सिजन एकदा जरी थांबला, तरी मी कोणाचं ऐकणार नाही. आत्या इस्पितळात, आणि तिथून पहिल्या विमानानं ब्रिस्बेनला.” अडीअडचणीसाठी तिनं एक छोटा सिलिंडर ठेवला. तो फार तर एखादी सकाळ पुरला असता.

गाडी आत्याच्या खिडकीखाली उभी राहिली, वायर आत गेली, मशीन घुरघुरू लागलं. बर्ट्रम बाहेर खुर्ची टाकून बसला. निवृत्तीनंतर त्याला पुन्हा खिडकी मिळाली होती, आणि खिडकी म्हटली की रांग आलीच.

आधी प्रुडन्स फोन घेऊन आली. फोनच तर, किती वीज खाणार. मग तिला आठवलं की फ्रीझरमध्ये तिच्या लेकाच्या साखरपुड्याचं पोर्क आहे. पोर्कचं ऐकून मासेवाले आले. मर्टल विजेची इस्त्री घेऊन आली, कारण दुखवट्याला जायचं होतं. कोण गेलं ते विचारल्यावर म्हणाली, अजून कोणी नाही, पण हवा अशी आहे. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून, कोबीच्या वाफ्यातून, कुत्र्याच्या घरावरून वायरी गेलेल्या. आमच्या बेटावर ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. ज्याला नाही म्हणाल तो आईकडून मावस आणि बापाकडून चुलत निघतो, आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये तुमच्या पुढच्याच बाकावर बसतो. बर्ट्रम प्रत्येकाला “थोडाच वेळ हं” म्हणायचा, आणि प्रत्येक जण “थोडाच वेळ” म्हणून खुर्ची घेऊन बसायचा.

आत्या खिडकीतून म्हणाली, “बर्ट्रम, ती गाडी आहे की गाय? जो येतो तो चरवी घेऊन येतो.”

शेवटी लोर्नानं सगळ्या वायरी काढल्या. प्रुडन्स आजही सांगते की पोर्क वाचलं, पण मन दुखावलं.

आणि मग बर्ट्रमनं ती चूक केली जी आमच्या बेटावरचाच माणूस करेल. आमच्याकडे किल्ली गाडीतच ठेवतात. घरात ठेवणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. कोणाची गाडी अडकली तर तो दुसऱ्याची नेतो, काम झालं की आणून लावतो, सोबत चार केळी ठेवतो. बर्ट्रमची किल्लीही रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगसमोर ठेवलेली.

तिसऱ्या सकाळी पाऊस तिरपा येऊन आत्याच्या पलंगावर पडू लागला. लोर्नानं आत्याला सिलिंडरवर ठेवलं, वायर काढली आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून आणायला घेतली. बर्ट्रम चहा करायला आपल्या घरात गेला होता. तो कप घेऊन परत आला तर अंगणात गाडी नव्हती. गाडीच्या आकाराची कोरडी जागा होती, आणि तीही भिजायला लागली होती.

आतून आत्यानं विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” बर्ट्रम म्हणाला.

“काही नाही म्हणतोस तेव्हा तुझ्या बापासारखा दिसतोस. त्यानं होडी बुडवली होती.”

तो लोर्नाची सायकल घेऊन पावसात निघाला. प्रुडन्सच्या अंगणात गाडी नव्हती. वायर दिसली नाही, मोकळी वाटली, म्हणून पाय देऊन आले भावाकडे, असं ती म्हणाली. पाय म्हणजे इंग्रजी पाय, केळी भरून भाजलेला, गोड. भावाकडे कळलं की गाडी खिळा, म्हणजे गॅरेट, घेऊन गेला. जहाज दिसतंय का बघायला. पेट्रोल वाचवायचं म्हणून, वीज जायच्या आधीपासूनच, बर्ट्रम दुपारी झोपला की जो तो हीच गाडी नेऊन जहाज बघून येत होता, हेही बर्ट्रमला तिथेच कळलं. जहाज आलेलं नव्हतं, हे एव्हाना निम्म्या बेटानं स्वतः जाऊन खात्री करून घेतलं होतं.

कॅस्केडच्या वरच्या कड्यावर गाडी उभी होती. काचा बंद. आत गॅरेट तोंड उघडं टाकून झोपलेला. बर्ट्रमनं काच वाजवली तसा तो दचकून उठला, आणि मग त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याला परक्या चर्चमध्ये प्रार्थना करताना पकडलंय.

“सीट गरम होते रे हिची,” तो हळूच म्हणाला.

“आत्या सिलिंडरवर आहे,” बर्ट्रम म्हणाला.

गॅरेट घाईघाईनं शेजारच्या सीटवर सरकला. गाडी चढ चढायला लागली तेव्हा पडद्यावर कासवाचं चित्र आलं, आणि गाडी खरोखरच कासवासारखी चालू लागली. एक म्हातारी छत्री घेऊन त्यांच्यापुढे निघून गेली. घरी पोचेपर्यंत बॅटरीत नावाला उरलं होतं, आणि सिलिंडरचा काटा तळाशी टेकत आला होता. लोर्ना दारात उभी होती. तिनं फक्त त्या काट्याकडे बोट दाखवलं, आणि ते दोघांनाही फार लागलं.

मशीन उचलून गाडीच्या मागच्या सीटजवळच्या प्लगला लावलं, शेजारी आत्याला उशांत बसवलं. नळी बदलली. आत्याला श्वास मिळाला, पण तो किती वेळ मिळणार? तेव्हा गॅरेटनं जमिनीकडे बघत कबूल केलं की त्याच्या शेडमध्ये पेट्रोलचा एक भरलेला कॅन आहे. क्लबात त्यानं शपथेवर सांगितलं होतं की थेंब नाही.

बर्ट्रमच्या डोक्यात काहीतरी पेटलं. गाडीच्या पुस्तकात त्यानं वाचलं होतं की उतारावर चाकं फिरली की तीच चाकं वीज बनवतात. “आणि तू पुढून ओढलीस तर?” तो म्हणाला.

गॅरेटनं डोकं खाजवलं. “म्हणजे माझं पेट्रोल तुझ्या गाडीत जाणार. दोरीतून.”

“हो.”

“बायबलात असं कुठे नाही,” गॅरेट म्हणाला, आणि दोरी आणायला पळाला.

अशी ती वरात निघाली. पुढे पिकअप, धूर सोडत, बोंबलत. मागे दोरीला पांढरी गाडी, बर्ट्रम स्टिअरिंगवर घामाघूम, मागे आत्या आणि तिचं मशीन. पिकअपच्या आवाजानं लोक नेहमीसारखे न बघता हात करू लागले, मग बघू लागले, मग हात तसाच वर राहिला. एफी? एफी बाहेर?

पहिल्या फेरीत आत्या नुसती तक्रारी करत होती. दुसऱ्या फेरीत तिनं काच खाली करायला लावली. पाऊस थांबला होता. इथे पेरूचं झाड होतं, ती म्हणाली. इथे मी तुझ्या आतोबाला नाही म्हटलं, आणि त्या वळणावर हो म्हटलं. हे घर कोणी निळं रंगवलं, त्याला बोलाव. तिसऱ्या फेरीला फाटकाफाटकाशी माणसं उभी होती. मर्टल इस्त्रीच्या कपड्यांत रडत होती. दुखवट्याचे कपडे शेवटी असे कामी आले. कोणी केळ्याचा पाय दिला, कोणी संत्री. गायी आपण होऊन बाजूला झाल्या. आत्या राणीसारखा हात हलवत होती आणि मधूनच बर्ट्रमला म्हणायची, “हळू चालव, त्यांना बघू दे.” बॅटरीचा आकडा एकेकानं चढत होता. गॅरेट पुढून ओरडून विचारायचा, किती झाली, आणि उत्तर ऐकून स्टिअरिंगवर थाप मारायचा.

पेट्रोल संपलं ते नेमकं इस्पितळाच्या फाटकासमोर.

सिस्टर डेल बाहेर आली. तिनं दोरी पाहिली, संत्री पाहिली, आत्याच्या बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला. आत्याचे गाल लाल झाले होते. मग सिस्टरनं शांतपणे विचारलं की हे काय चाललंय. दोघांनी एकदम सांगितलं, हातवारे करून, चाकं, दोरी, वीज.

“आत्यांच्या शेडमध्ये जनरेटर आहे ना?” सिस्टरनं विचारलं.

“आहे,” बर्ट्रम म्हणाला.

“चालू आहे?”

“मीच दुरुस्त केलाय,” गॅरेट अभिमानानं म्हणाला.

“कशावर चालतो?”

दोघंही फाटकाकडे बघू लागले. फाटकाला नवा रंग दिला होता. त्या कॅनवर तो जनरेटर दोन दिवस सहज चालला असता.

“मला माहीत होतं,” मागच्या सीटवरून आत्या म्हणाली. “मला कोणी विचारलं नाही.”

फाटकापलीकडे, आत, रिकामा पलंग तयार होता, हे सगळ्यांना दिसत होतं. आत्यानं हातातलं संत्रं घट्ट धरलं. तिचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं होतं.

“ऑक्सिजन थांबला होता का?” सिस्टरनं आत्यालाच विचारलं.

“एकदाही नाही.”

“मग इथे काय करताय? घरी जा.” आणि ती वळून आत गेली. जाताना तिनं हात केला. इथे आल्यापासून तिनं पहिल्यांदाच कोणाला हात केला होता.

पिकअप तिथेच सोडून तिघंही त्या बिनआवाजाच्या गाडीनं घरी आले. गॅरेट पुढच्या गरम सीटवर बसला.

वीज दुसऱ्या दिवशी आली, जहाज पुढच्या आठवड्यात. मर्टल त्या वर्षाअखेरीस निवृत्त झाली आणि आता बर्ट्रमसारखीच घरातल्या खिडकीत बसून लोकांना परत पाठवते. प्रुडन्सच्या लेकाचा साखरपुडा त्या पोर्कवर थाटात झाला आणि नंतर मोडला, पोर्कमुळे नाही. सिस्टर डेलची बदली झाली, ती रडत गेली, आणि वर्षात अर्ज करून परत आली. हल्ली तिलाही टोपणनाव मिळालंय, पण ते तिच्यासमोर कोणी घेत नाही. गाडी अजून आहे, गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर. गॅरेटनं पिकअप विकली नाही, पण थंडीत तो बहिणीला भेटायला फार वेळा येतो आणि बाहेर गाडीतच बसतो.

एफी आत्या आणखी दीड वर्ष जगली. ती गेली ती एका दुपारी, आपल्या खोलीत, वीज चालू, हवा स्वच्छ, जहाज धक्क्यासमोर. खिडकीखाली बर्ट्रम आणि गॅरेट भांडत होते की त्या दिवशी आत्याला वाचवलं कोणी, विजेनं की पेट्रोलनं. आत्याला झोप लागावी म्हणून लोर्ना खिडकी लावायला गेली, तर आत्यानं हातानं खूण केली, राहू दे. थोड्या वेळानं लोर्ना चहा घेऊन आली तेव्हा मशीन घुरघुरत होतं आणि बाहेरचं भांडण रंगात आलं होतं. तिनं मशीन बंद केलं, खुर्चीत बसली, आणि भांडण संपेपर्यंत त्या दोघांना काही सांगितलं नाही.